निरोप घेऊन झाल्यावर

"तुम्ही मरणार नाही आहात," डॉक्टर नाझनीन मुजावर म्हणाल्या, आणि आपण भलतंच काही बोलून गेलो असं वाटून लगेच सावरल्या. "म्हणजे निदान या आजाराने नाही. निदान इतक्यात तरी नाही."

हेमांगी मगदूम त्यांच्यासमोर खुर्चीत बसली होती. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या हाडांमधल्या मज्जेचं चित्र होतं. फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर लहान-मोठे जांभळे ठिपके विखुरलेले दिसत होते. गेल्या वर्षी याच पडद्यावर तिने वेगळं चित्र पाहिलं होतं. तेव्हा बेढब, फुगलेले ठिपके इतके दाटीवाटीने बसले होते की मधली जागा दिसतच नव्हती. आता ते ठिपके नव्हते. डॉक्टरांनी नमुना पुन्हा काढून, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतला होता, मगच तिला मिरजेला बोलावलं होतं.

"म्हणजे औषध लागू पडलं."

"अहो, लागू पडलं काय! तुमच्यावर तिन्ही औषधं हरली होती. मला स्वतःला वाटलं नव्हतं."

हेमांगीने मान हलवली. असं काही ऐकायला मिळालं तर आपल्याला रडू फुटेल, असं तिला एके काळी वाटायचं. आता रडूही येईना आणि हसूही येईना. आपल्याला कुणाचं तरी दुसऱ्याचंच पाकीट चुकून मिळालंय आणि ते आता परत मागायला येतील, असं काहीतरी वाटत राहिलं.

"मग आता मी काय करू?" तिने विचारलं.

"करायचं काय? घरी जा, गोडाधोडाचं जेवा. मुलगी किती मोठी झाली तुमची?"

"अडीच वर्षांची," हेमांगी म्हणाली. "पण ती आता माझी नाही, डॉक्टर."

*

हेमांगी सांगलीत गाडी शिकवायची. शहरातल्या बहुतेक गाड्या एव्हाना आपल्या आपण चालू लागल्या होत्या. पण घाटात, उसाच्या फडातल्या कच्च्या रस्त्यांवर आणि साखर कारखान्यांच्या हंगामात, जेव्हा रस्त्यावर निम्मे ट्रॅक्टर असतात, तेव्हा त्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहून माणसाला हाक मारत. त्यामुळे हाताने चालवण्याचा परवाना अजून लागे आणि हेमांगीकडे शिकणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. नवरा अभिनंदन द्राक्षांच्या शीतगृहाचा व्यवस्थापक होता. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं स्वस्ति.

स्वस्ति रांगायला लागली त्या सुमारास हेमांगीच्या अंगावर निळे-काळे डाग उठू लागले. रक्ताचा कर्करोग निघाला. पहिल्या औषधाने तो ओसरला आणि परत आला. दुसऱ्याने थोडा ओसरला. तिसऱ्याला त्याने दादच दिली नाही. तेव्हा डॉक्टर मुजावरांनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की आता महिन्यांचा हिशेब करावा लागेल.

हेमांगीने हिशेब केला, आणि जे करायचं ते पुरतं करायचं, अर्धवट काही ठेवायचं नाही असं ठरवलं. ती गाडीही अशीच शिकवायची. मूल वर्षाच्या आसपासचं असेल आणि त्याला लगेच दुसरं माणूस घट्ट मिळालं, तर ते पहिल्याला विसरतं आणि त्याला विशेष इजा होत नाही, असं तिने कुठेसं वाचलं होतं. मग ती गडहिंग्लजला नणंदेकडे गेली.

पद्माक्का शाळेत गणित शिकवायची. मुलगा सन्मती बारावीला होता. तो पुण्याला गेला की आपण मोकळ्या झालो, मग हिंडायचं, असे तिचे बेत चालले होते. स्वस्तिला तुम्ही तुमची करून घ्या, हे हेमांगीचं मागणं ऐकून ती घाबरलीच. "मला आता परत अंगडी-टोपडी नकोत गं," ती म्हणाली. "पैसा घ्या, माणूस ठेवा, काय वाटेल ते करा. पण मला नको हे." हेमांगीने तिचे पाय धरले. मग पद्माक्का दुसरं काय म्हणणार?

पहिला महिनाभर हेमांगी रोज फोनच्या पडद्यावर यायची आणि स्वस्तिला विचारायची, "आई कुठाय? आई?" स्वस्ति तिच्याकडे बोट करायची. हेमांगी मान हलवायची. "अंहं. ती बघ आई, तुझ्या मागे." असं रोज. एक दिवस स्वस्तिने न चुकता मागे वळून पद्माक्काच्या गळ्यात हात टाकले. हेमांगीने टाळ्या वाजवल्या, फोन बंद केला, आणि त्यानंतर फोन करायचं थांबवलं. अभिनंदन महिन्यातून एकदा गडहिंग्लजला जाऊन यायचा. सन्मती त्याला मामा म्हणायचा, म्हणून स्वस्तिही मामा म्हणू लागली. त्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा हेमांगी साड्यांच्या घड्या घालत होती, ती तशीच घालत राहिली.

बाकीचं आवरणंही झालं. साड्या वाटून टाकल्या. भावाला फोन करून ती म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा तू पळ काढलास, ते मी कधी विसरले नाही, पण आता सोडून दिलं." जाणाऱ्या माणसाचं बोलणं लोक निमूट ऐकून घेतात. तोही ऐकून रडला.

आणि मग डॉक्टर मुजावरांनी तिला बोलावून नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं.

"तुमच्या प्रत्येक पेशीच्या पोटात तिच्या मरणाची सोय आधीच केलेली असते," त्या दिवशी डॉक्टर सांगत होत्या. हेमांगीला थकव्याने डोळे उघडे ठेवणं जड जात होतं, पण बाईंची समजावून सांगायची हौस तिला आवडायची. "पेशी जुनी झाली, बिघडली, की काही प्रथिनं जागी होतात. ती पेशीच्या वीजघरांना भोकं पाडतात. वीज गेली की पेशी मुकाट्याने स्वतःला आवरून घेते आणि शेजारणी तिचे तुकडे खाऊन टाकतात. रोज कोट्यवधी पेशी अशा जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. पण ही भोकं पाडणारी मंडळी वेळेआधी सुटली तर पंचाईत, म्हणून दुसरी काही प्रथिनं त्यांचे हात धरून उभी असतात. रखवालदार म्हणा. कर्करोगाची पेशी काय करते, तर रखवालदारच भरमसाट वाढवते. मग आपण वरून कितीही विष ओता, पेशीला मरायचं असलं तरी मरता येत नाही."

"मग मला इतके दिवस जे दिलं ते?"

"त्यातला एक रेणू रखवालदाराच्या तळहातात जाऊन बसायचा. हात गुंतले की भोकं पाडणारे सुटले. तुमच्यात तो चालला आणि मग तुमच्या पेशींनी दुसऱ्या प्रकारचे रखवालदार उभे केले. त्यांचा तळहात वेगळ्या घडणीचा."

"सगळ्यांच्या हातात बसेल असं काही नाही का?"

"होतं. त्याने हृदयाच्या चांगल्या पेशीही मारल्या. चांगल्या पेशींनाही थोडे रखवालदार लागतातच की." डॉक्टरांनी दोन तर्जन्या एकमेकींपासून दूर धरल्या. "आता जे आलंय त्यात रेणूचे दोन तुकडे केलेत. दोन वेगवेगळ्या गोळ्या. एकेकटा तुकडा निरुपद्रवी, कुठल्याही पेशीत शिरतो आणि तसाच बाहेर पडतो. पण जिथे रखवालदार खांद्याला खांदा लावून उभे आहेत, तिथे एक तुकडा याच्या अंगावर बसतो, दुसरा शेजारच्याच्या, आणि जवळ आल्यामुळे ते एकमेकांत अडकतात." त्यांच्या तर्जन्या आकड्यासारख्या एकमेकींत गुंतल्या. "मग दोघांचे हात बांधले. निरोगी पेशीत रखवालदार इतके विरळ असतात की तुकड्यांची गाठच पडत नाही. कागदावर हे सुंदर दिसतं. माणसात किती चालेल ते मला सांगता येणार नाही."

हेमांगीने होकार दिला तो काही आशेने नव्हे. आवरणं सगळं झालं होतं आणि वेळ मात्र उरला होता.

*

अभिनंदनला तिने फोनवर सांगितलं नाही. तो संध्याकाळी शीतगृहातून आला, तेव्हा पायातले बूट काढायच्या आधीच सांगितलं. तो तसाच बुटांसकट खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला. मग उठला, तिला मिठी मारली, तिचं कपाळ, केस, खांदे चाचपून पाहिले. शेजाऱ्यांना पेढे गेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र हेमांगीच्या लक्षात आलं की ती स्वयंपाकघरात गेली की तो दचकतो. वर्षभरात त्याने स्वतःपुरता स्वयंपाक शिकून घेतला होता. डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. झोपायलाही तो कधीचाच स्वस्तिच्या खोलीत जाऊ लागला होता. तेव्हा हेमांगीनेच तसं सांगितलं होतं, तिच्या खोकण्याने त्याची झोप मोडायची म्हणून.

"अभी, तुला आनंद झालाय ना?" तिने विचारलं.

"झालाय. म्हणजे काय." तो भाकरीच्या पिठात हात घालून उभा होता. "पण हेमा, तू मला वर्षभर एकट्याने राहायला शिकवलंस. मी शिकलो. रोज थोडं थोडं शिकलो. आता तू समोर आलीस की आधी आनंद होतो आणि मग वाटतं, हे परत एकदा करावं लागलं तर मला जमणार नाही." त्याने पीठ उगाचच मळलं. "तू जायच्या आधीच मी तुझं रडून घेतलं होतं. त्याचं आता काय करायचं तेच कळत नाही."

हेमांगीलाही कळत नव्हतं. भावाचा फोन आला तेव्हा तो खूप खूश होऊन बोलला, पण दिवाळीला येशील का म्हटल्यावर घोटाळला. बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिला पाहून रडायलाच लागली आणि मग रडण्याबद्दल माफी मागू लागली. जिकडे जावं तिकडे आपण कुणाची तरी फसवणूक करून आल्यासारखं तिला वाटे.

स्वस्तिचा विषय दोघंही काढत नव्हते. शेवटी तिनेच काढला. "रविवारी जाऊ या?"

"आणायला?"

"बघायला," ती घाईने म्हणाली. "आधी बघू तर."

गडहिंग्लजला पद्माक्काने पुरणपोळ्या केल्या होत्या. दारातच तिने हेमांगीला ओवाळलं, पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. त्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं. मागे, सोप्याच्या खांबाला धरून, लाल फ्रॉकमधली एक मुलगी उभी होती. तिची हनुवटी अगदी अभिनंदनसारखी होती.

"मामा!" असं ओरडत ती अभिनंदनकडे धावली. मग हेमांगीकडे पाहून पद्माक्काच्या पदरात शिरली.

"अगं, ही..." पद्माक्का थांबली. तिने हेमांगीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"मामी," पुण्याहून सुटीला आलेला सन्मती आतून येत सहजपणे म्हणाला. तो हेमांगीला बोलावत होता, पाणी देत होता. पण स्वस्तिने ते उचललं. "मामी," पदरातून तोंड काढून ती म्हणाली आणि सगळ्यांनी हसून दाखवलं.

परतताना गाडीत बसण्याआधी पद्माक्काने तिला बाजूला घेतलं. "ती नवी चाचणी असते म्हणे, पुढचं सांगणारी. ती करून घेतलीस का?"

"नाही अजून."

"करून घे की." पद्माक्का दुसरीकडेच पाहत होती. "चांगली आली तर घेऊन जा पोरीला. मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. पण परत दोन वर्षांनी... तिने किती वेळा आई सोडायची, हेमा?"

*

या चाचणीला रुग्णालयात उंबरठा चाचणी म्हणत. मज्जेतल्या जिवंत पेशी काढायच्या, एकेका पेशीला मरणाचा मोजून-मापून धक्का द्यायचा आणि ती किती धक्क्याने कोसळते ते पाहायचं. निरोगी पेशी एका ठराविक जोराला ऐकते. जी फार मोठा धक्का दिल्याशिवाय ऐकतच नाही, तिच्यात रखवालदार साठलेत असं समजायचं. ती आज साधीभोळी दिसली तरी उद्या दगा देऊ शकते. हजारो पेशींचं असं मोजमाप घेऊन यंत्र पुढचा अंदाज सांगे.

निकाल यायचा होता तो आठवडा दोन्ही घरांनी कसाबसा काढला. सगळ्यांनी सगळा भार त्या यंत्रावर टाकला होता आणि त्यामुळे सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते.

डॉक्टर मुजावरांनी निकाल दाखवला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती. "बहुतेक सगळ्या पेशी उत्तम. पण हा एक छोटा घोळका आहे, बघा. या पटकन ऐकतही नाहीत आणि अगदी बहिऱ्याही नाहीत. मध्येच उभ्या आहेत."

"म्हणजे काय?"

"कदाचित औषधाने दमलेल्या चांगल्या पेशी असतील. कदाचित नसतील."

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र म्हणतं, दोन वर्षं ते पूर्ण आयुष्य."

"डॉक्टर, हे तर कुणाबद्दलही म्हणता येईल."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "यंत्र शिकतं ते आधीच्या माणसांवरून. तुमच्या आधी या वाटेने गेलेली माणसं फारच थोडी आहेत आणि ती अजून सगळी जिवंत आहेत. त्यांचं पुढे काय झालं हे अजून झालेलंच नाही. मग ते शिकणार कशावरून? तुम्ही दोन्ही गोळ्या घेत राहा, दर तीन महिन्यांनी भेटू. मला याहून जास्त काही माहीत नाही, हेमांगी. असतं तर सांगितलं असतं."

*

त्यानंतर हेमांगी एकटीच गडहिंग्लजला गेली, आठ दिवस राहायचं म्हणून. काय करायला जातोय ते तिला सांगता आलं नसतं. अभिनंदननेही विचारलं नाही.

ते मिरच्यांचे दिवस होते. पद्माक्काच्या गच्चीवर संकेश्वरी मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वर्षाची चटणी कुटायला न्यायच्या आधी त्यांची देठं खुडायची होती. दुपारी दोघी जिन्याच्या सावलीत बसून देठं खुडत होत्या. स्वस्ति थोड्या अंतरावर, पाण्याच्या टाकीपाशी, वाटीने जमिनीवर पाणी ओतत होती.

हेमांगीने चाचणीचं सांगितलं. पद्माक्काने सगळं ऐकून घेतलं. मग मिरच्यांची पुढची मूठ ओढून घेतली.

"तू मला मागितलंस तेव्हा मी नको म्हणाले होते," पद्माक्का एकदम म्हणाली. "आठवतंय?"

"आठवतंय, अक्का."

"तू पाय धरलेस. मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? घेतली मी. रात्र-रात्र रडायची तुझ्यासाठी. ते तुला कुणी सांगितलं नाही, मीच सांगू दिलं नाही. तापाने फणफणली तेव्हा मांडीवर घेऊन बसले. शाळेतून वर्षाची रजा काढली. आणि आता तू बरी झालीस." तिने हातातली मिरची टोपलीत आपटली. "आनंद झाला गं मला, खरंच झाला. पण सकाळी तुझा फोन वाजला की मी आधी पोरीला जवळ ओढते. मग माझीच मला लाज वाटते. परवा तर मनात आलं, ही चाचणी वाईट निघाली अस..."

ती थांबली.

"असती तर," हेमांगीने वाक्य पुरं केलं. "मलाही आलं होतं मनात."

"काय बोलतेस?"

"खरंच. वाईट निघाली असती तर निदान काय करायचं ते कळलं असतं. मरायचं कसं ते मी शिकले होते, अक्का. सगळं नीट लावून ठेवलं होतं. आता मला काहीच येत नाही. स्वस्तिकडे बघते तर ती माझी वाटते आणि तिला हाक मारायला गेले की चोरी केल्यासारखं वाटतं. मी तिला विसरायला लावलं. माझ्या हाताने. रोज फोनवर. मला वाटलं होतं, मी फार शहाणपणाचं काम करतेय."

टाकीपाशी धप्प असा आवाज झाला. ओल्या जमिनीवर पाय घसरून स्वस्ति आपटली होती. क्षणभर शांतता, आणि मग तिने जो टाहो फोडला तो खालच्या गल्लीतही ऐकू गेला असेल. "आई!"

दोघी एकदमच उठल्या, धावल्या आणि तिच्याजवळ पोचून एकदमच थबकल्या. दोघींचे हात कोपरापर्यंत मिरचीने माखलेले होते. त्या हातांनी पोरीला शिवलं असतं तर डोळ्यांची आग-आग झाली असती. स्वस्ति कपाळावर टेंगूळ घेऊन, दोन्ही हात वर पसरून, घेण्यासाठी आक्रोश करत होती आणि त्या दोघी हात हवेत धरून तिच्यासमोर नुसत्या उभ्या होत्या.

"धू, धू, तू आधी धू!" पद्माक्का ओरडली. नळ हेमांगीच्या बाजूला होता. "तेल लाव आधी, साबणाने जात नाही ते! जिन्यात बाटली आहे बघ!"

हेमांगीने तेल चोळलं, साबण लावला, पुन्हा तेल, पुन्हा साबण. तोवर पद्माक्का गुडघ्यावर बसून, हात पाठीमागे धरून, स्वस्तिच्या टेंगळावर तोंडाने फुंकर घालत होती. "आली, आली, मामी आली. मामी घेते हं तुला." स्वस्ति ऐकत नव्हती, पद्माक्काच्या अंगावर चढायला बघत होती. हेमांगीने तिला मागून उचललं. तिने लाथा झाडल्या, पाठ ताठ केली, हेमांगीच्या गालावर एक चापट मारली. हेमांगीने सोडलं नाही. मग हळूहळू ते लहानसं अंग सैलावलं आणि स्वस्तिने ओलं तोंड तिच्या मानेत खुपसलं. आई हवी म्हणून रडतच होती, पण मानेत तोंड खुपसून रडत होती.

पद्माक्का खालीच बसून राहिली. "हात धुवून घे अक्का," हेमांगी म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती नणंदेला पहिल्यांदाच एकेरीत बोलली. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना पद्माक्का म्हणाली, "मला गाडी शिकव."

"गाडी?"

"आपली आपण चालणारी ती गाडी संकेश्वरच्या फाट्यावर ट्रॅक्टर दिसला की रुसून बसते. मला कुणाच्या भरवशावर सांगलीला यायचं-जायचं नाही. तिला आणेन, नेईन. माझी मी." तिने कप खाली ठेवला. "मी तिला देत नाहीये, हेमा. आणि ठेवूनही घेत नाहीये. मग काय करतेय ते मला विचारू नकोस. गणितात असं चालत नाही, पण मला दुसरं सुचत नाही."

*

पुढचं वर्ष कसंही गेलं. हेमांगीने गडहिंग्लजला दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच शिकवणी सुरू केली. आठवड्याचे काही दिवस ती तिथे असे आणि शनिवारी अभिनंदन येई. पद्माक्का परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा, परीक्षकाशी भांडून, पास झाली. स्वस्ति कधी इथे झोपे, कधी तिथे. ताप आला की तिला पद्माक्काच लागे. हेमांगीला ती बहुतेक वेळा मामीच म्हणे, कधीतरी सरळ नावानेच हाक मारी. एकदा चप्पल सापडत नव्हती म्हणून चिडून "आई, तू कुठे ठेवलीस?" असं म्हणाली, आणि लगेच विसरूनही गेली. त्या दिवशी अभिनंदन तिला चप्पल शोधून देता देता स्वतःच कोपऱ्यात बसून राहिला होता. हे सगळं बरोबर चाललंय की चूक, हे त्यांच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मज्जेतला तो छोटा घोळका दर तीन महिन्यांनी तसाच, मध्येच उभा दिसे.

अशाच एका तपासणीला हेमांगी मिरजेला गेली असताना डॉक्टर मुजावरांनी तिला थांबवलं.

"एक काम आहे. नाही म्हणालात तरी चालेल. जतची सारिका ऐवळे म्हणून मुलगी आहे, सोमवारपासून तिला तुमच्याच गोळ्या सुरू होतील. पाच महिन्यांचं बाळ आहे. तुमच्यासारखंच करायचं म्हणतेय. जावेकडे सोपवायचं, पूर्णपणे. तुमचं तिने कुणाकडून तरी ऐकलंय."

"मी काय सांगू तिला?"

"मलाही माहीत नाही. मी रेणूबद्दल सांगू शकते. तुम्ही जे केलंत त्याबद्दल सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही."

सारिका खिडकीपाशी बसली होती. डोक्याला रुमाल, डोळे खोल गेलेले, वय पंचविशीच्या आतलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिची जाऊ बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ सारिकाकडे वळून वळून पाहत होतं आणि सारिका निग्रहाने खिडकीबाहेर पाहत होती. हेमांगीने ते दारातूनच पाहिलं.

"ताई, तुम्हीच का त्या?" सारिका म्हणाली. "बरं झालं आलात. तुम्ही किती दिवसांत तोडलंत? माझा आज चौथा दिवस आहे, मी घेतलेलंच नाही त्याला. पण हा बघतो सारखा."

हेमांगी तिच्याशेजारी बसली. येताना गाडीत तिने पुष्कळ काही जुळवलं होतं. औषधाने वाचायची शक्यता किती, न वाचण्याची किती, मूल काय विसरतं आणि काय विसरत नाही. त्यातलं आता काहीच आठवेना.

"घ्या त्याला," ती म्हणाली.

"अहो, पण सवय लागेल की त्याला माझी."

"लागू दे."

"आणि मग मी गेले तर?"

आपण जे बोलणार ते खरं आहे की नुसतं आपल्याला हवंसं वाटतंय, याचा तिला अजिबात भरवसा नव्हता. जाऊ बाळाला थोपटायची थांबली होती आणि ऐकत होती.

"तर तो रडेल," हेमांगी म्हणाली. "यांच्या मांडीवर बसून रडेल. यांनाही आई म्हणू द्या, आतापासून म्हणू द्या. पण तुम्ही स्वतःला पुसू नका. मी पुसलं होतं."

सारिकाने तिच्याकडे पाहिलं. मग जावेकडे. जाऊ उठली, खोली ओलांडून आली आणि वाकून उभी राहिली. सारिकाचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. ते सुटायला बराच वेळ लागला. सुटले तेव्हा बाळाने आधीच पुढे झेप घेतली होती.